भिंतीतलं गवत

तिसऱ्या सकाळीही पांढरं पडलं होतं. पहिल्या दिवशी माणसं अंगणात येऊन बघत उभी राहिली, दुसऱ्या दिवशी बायका आपापल्या मळ्यात बसून रडल्या. तिसऱ्या दिवशी कुणी काहीच केलं नाही. ताकामे अनवाणी मळ्यात गेली. गोठलेलं दव पायाखाली करकर मोडत होतं आणि वीस-पंचवीस पावलांनंतर पाय आहेत की नाहीत हेच कळेनासं झालं. रताळ्याचे वेल कालपर्यंत नुसते मलूल होते, आज काळे पडून मातीला चिकटले होते. ऊन वर आलं तसा उकडून नासलेल्या पाल्याचा वास सुटला. तिनं एका ढिगात हात घालून रताळं काढलं. अंगठ्याएवढं होतं. दाबलं तर पाणी निघालं.

इमिपाका कुळाची वस्ती खूप उंचावर. तिथं पांढरं पडणं नवीन नव्हतं, म्हाताऱ्या माणसांनी दोन-तीनदा बघितलेलं होतं. पण आधी चार महिने पाऊस नाही, मग डोंगराला आग लागून सगळ्या उतरणीवरचं गवत कोळसा झालेलं, आणि त्यावर हे, असं एकाच वर्षात बघितलेलं कुणी नव्हतं.

अशा वेळी काय करायचं ते मात्र पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं. खालच्या खोऱ्यात सोयरे असतात ते अशाच दिवसांसाठी. दाराला फळ्या लावायच्या, डुकरांच्या पायाला दोऱ्या बांधायच्या, लेकरं घ्यायची आणि उतरायचं. दुपारपर्यंत वाट माणसांनी भरली. सगळ्यांच्या आधी निघाला यापिस, ताकामेचा दीर. त्याचं घर वस्तीत देखणं. वर पत्रा, भिंतींना कापीव फळ्यांचा एकच पदर, त्यावर निळा रंग. देखणं खरं, पण आतली वाफ पत्र्याला लागून गोठायची आणि ऊन चढलं की घरातच पाऊस पडायचा. यापिसची बायको अगाथा दोन वर्षं ताकामेच्या बुटक्या काळ्या घराला उंदराचं बीळ म्हणत आली होती. पांढरं पडल्यापासून ती पोराबाळांसकट त्याच बिळात निजायला येत होती आणि वर भिंतीकडची जागा मागत होती. जाताना तिनं ताकामेची दोन्ही डुकरं खाली नेली. तिच्या माहेरी डुकरांना घालायला काहीतरी होतं, इथं काहीच नव्हतं.

ताकामेच्या घरानं मात्र जायचं नव्हतं. वस्तीच्या वरच्या अंगाला दुसऱ्या कुळाचा बांध होता आणि त्या बांधापायी दोन पिढ्या डोकी फुटत आली होती. ज्या जमिनीवर धूर दिसत नाही ती जमीन मोकळी, असा तिकडचा न्याय. तेव्हा एकीची तरी चूल पेटती राहायला हवी होती. आणि दुसरं म्हणजे वाम्बीन. ताकामेच्या नवऱ्याची, लाकाईची आई. तिचे गुडघे तीन वर्षांपूर्वीच गेले होते. ती घरातल्या घरात बुडावर सरकत फिरायची आणि फार तर दारापुढच्या उन्हापर्यंत यायची.

लाकाई म्हणाला, पाठीवर घेऊन उतरतो. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही.

"नवरी होऊन आले तवा ह्या वाटेनं माझ्या पायानं चढून आले," ती म्हणाली. "आता तुझ्या पाठीवर डुकरासारखी लोंबत जाऊ व्हय? तुम्ही जावा. मी धूर काढत बसते."

लाकाई मग फावडं घेऊन मळ्यात गेला. त्या घराण्यात वाद असाच मिटायचा.

घर त्याच्या बापानं बांधलेलं. जमिनीला पोटाशी धरून बसलेलं, लांबट, वाकल्याशिवाय आत जाता येणार नाही असं. बाहेरून चिरलेल्या लाकडाच्या फळ्या शेजारी शेजारी रोवलेल्या, आतून खालच्या खोऱ्यातून आणलेल्या बांबूच्या तट्ट्या, आणि दोहोंच्या मध्ये वीतभर पोकळी. त्या पोकळीत वाळकं गवत. बापानं ते एकेक मूठ काठीनं ठासून भरलेलं. दर वर्षी गवत थोडं खाली बसतं, मग वरून नवं घालायचं. तीस वर्षांच्या धुरानं आतलं सगळं तपकिरी काळं झालेलं, त्याला ना कीड लागायची ना उंदीर. बाहेर पांढरं पडलं तरी आत चूल, दोन डुकरं आणि माणसं एवढ्यावर घर उबदार राहायचं. वाम्बीनची जागा अगदी मागे, डुकरांच्या गोठ्याला लागून, पाठ भिंतीला. अगाथाला ती जागा हवी होती. म्हातारीनं तिला एका शब्दात सांगितलं होतं काय ते.

आता गोठा रिकामा होता. पुरुषांनी बायकांच्या घरात निजायचं नाही ही तिथली रीत, म्हणून लाकाई पलीकडच्या पुरुषांच्या घरात एकटाच निजत होता. आत दोघी बायका आणि दोन पोरं.

पुन्हा लागवड करायची तर दोन गोष्टी हव्या होत्या, वेल आणि गवत. वेल ताकामेच्या भावाकडं, मालिपूकडं, दीड दिवसाच्या वाटेवर खाली होते. गवत कुठंच नव्हतं. आणि त्या उंचीवर गवताशिवाय रताळं होत नाही. आधी वाळक्या गवताचा गादीसारखा थर टाकायचा, त्यावर माती ओढून गोल ढीग करायचा. आत गवत कुजत जातं, माती गरम राहते, आणि पांढरं पडलंच तर ढिगावरून घसरून खाली सखलात जातं. नुसत्या मातीत वेल खोचले तर चार दिवसांत मरतात. एका ढिगाला चार कवळे गवत तरी लागतं. माती फोडणं पुरुषाचं काम, गवत आणणं बाईचं. गवत कुठून आलं हे कुणी पुरुष विचारत नाही, जसं भिंतीत काय भरलंय हे कुठली बाई विचारत नाही.

चार दिवस ताकामे गवतासाठी हिंडली. पाणथळीतलं लव्हाळं जळून गेलं होतं, उरलेलं ओलं आणि काळं होतं. सुरूच्या झाडाखालची सुया-पानं गोळा केली, पण ती मातीखाली बसेनात, बोटांतून वाळूसारखी निसटत. तिसऱ्या दिवशी बांधापलीकडं तिला चांगलं, कंबरभर, वाळलेलं गवत दिसलं. तिनं मागेपुढे बघितलं आणि कापायला बसली. झोळी भरून कपाळावर पट्टा चढवला, उठली, तेवढ्यात त्या कुळातली एक बाई समोर येऊन उभी राहिली. बाई तिच्यापेक्षा लहान होती. ती ओरडली नाही, भांडली नाही. तिनं नुसतं बोट खाली केलं. ताकामेनं झोळी उपडी केली. बाई म्हणाली, आतलंही काढ. तळाला अडकलेली चार काडं ताकामेनं बोटांनी सोडवून काढली आणि ढिगावर ठेवली. परत येताना तिला राग आला नाही, रडू आलं नाही. एवढंच वाटलं, की त्या बाईच्या जागी मीही हेच केलं असतं.

पाचव्या दिवशी ती दोन्ही पोरांना घेऊन वेलांसाठी भावाकडं उतरली. रोदा नऊ वर्षांची, एनोक पाच. त्यांना आठ-नऊ महिने तिथंच ठेवायचं होतं, इथं रताळी लागेपर्यंत. मालिपूनं पोरांना हसून घरात घेतलं. त्याच्या बायकोनंही हसून घेतलं, पण ताकामेनं तिला रताळी सोलताना बघितलं. ती सोलायची, थांबायची, टोपलीत डोकवायची, मग पुढचं घ्यायची. जेवताना एनोकनं दुसऱ्यांदा हात पुढं केला तर रोदानं त्याचा हात धरून खाली ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. ताकामेला ते बघवलं नाही, आणि तरी ती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी वेलांचे भारे बांधताना भावजयीनं सहज विचारलं, किती दिवस लागतील म्हणून.

"आठ महिने. लई तर नऊ."

"लागवड झाली तर ना पण," भावजय म्हणाली. वाईट मनानं नव्हे. तिला ते जाणून घेणं भाग होतं.

रोदा वाटेपर्यंत पोचवायला आली. मी परत कधी येऊ, असं तिनं विचारलं नाही. तिनं विचारलं, आजीला पाणी कोण देणार. ताकामे म्हणाली, मी देईन की.

परतताना वेलांचं ओझं ओलं आणि जड होतं, पट्ट्यानं कपाळाला खाच पडली. तिला सारखं एकच दिसत होतं, वेल आहेत आणि गवत नाही. तीन-चार दिवसांत वेल लागले नाहीत तर तेही वाळणार. ती वस्तीत पोचली तेव्हा दुपार होती. लाकाईनं माती फोडून ठेवली होती. आणि मळ्याच्या कडेला, घराच्या मागच्या बाजूनं, गवताची छातीभर रास होती.

कुणी आणलं, असं तिनं विचारलं.

"आईनं कुणाकडून आणवलंय. पाणथळीपलीकडच्या वस्तीतल्या पोरींकडनं म्हणे," लाकाई म्हणाला आणि पुन्हा माती फोडू लागला. गवताचा विषय. त्यानं जास्त विचारलंच नव्हतं.

ताकामे वेल सावलीत ठेवून लगेच कामाला लागली. पहिल्या ढिगाला कवळा घेतला. गवत हलकं होतं, कोरडं, चपटं दाबलेलं. दुसऱ्या ढिगाला हात काळे झाले. तिसऱ्या ढिगाला तिनं गवत छातीशी धरलं आणि नाकात धुराचा वास गेला. जुना, चुलीचा, रोज रात्री अंगाला लागतो तोच वास. आणि गवतात गुंतलेला लाल लोकरीचा धागा. हा धागा तिचा होता. रोदा झाली त्या वर्षी मागच्या तट्टीतून वारा येत होता म्हणून तिनं जुन्या झोळीचा तुकडा बोटानं भिंतीच्या फटीत कोंबला होता.

ती उभी राहिली. घराकडं बघितलं. बाहेरून फळ्या होत्या तशाच होत्या. छपरातून धूर येत होता.

"काय झालं?" लाकाईनं विचारलं.

ताकामेच्या मनात त्या क्षणी खूप काही यायला हवं होतं. आली ती रोदा, एनोकचा हात धरून खाली ठेवणारी.

"काय न्हाई," ती म्हणाली. गवत खाली टाकलं, धागा त्यातच राहू दिला, आणि दोन्ही हातांनी माती ओढली. संध्याकाळपर्यंत सात ढीग झाले.

आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत ती थांबली. म्हातारी तिच्या जागी बसून होती, पाठ भिंतीला. तिच्या मांडीशी रताळी उलटायचा बांबूचा लांब चिमटा होता. ताकामेनं तिच्या डोक्यावरून हात लांब करून तट्टीला टेकवला. तट्टी गार होती. बोटानं दाबली तर ती आत गेली.

"हात काढ," म्हातारी म्हणाली. "गार हात लावतीस भिंतीला."

ताकामेनं हात काढला. ती चुलीपाशी बसली आणि खालून आणलेली चार रताळी राखेत घातली. मग म्हणाली, "आई, चिमट्यानं काढलंत?"

"मग काय दातानं?"

"सगळं?"

"सगळं कशाला. माझ्या पाठीकडचं काढलंय. वर तट्टी सैल हाय तिथनं हात घालायचा. रातीचं डुकराच्या दारातनं मागं ढकललं. अजून डुकराकडची भिंत हाय." म्हातारीनं नाक पुसलं. "तुझ्या सासऱ्यानं भरताना मला जवळ येऊ दिलं न्हवतं. बाईचा हात लागला तर ऊब जाती म्हणं. मी हात लावला. बघू जाती का."

"तुम्ही निजायचं कसं?"

"आजवर कशी निजले तशी. तू तुझं बघ. किती ढीग झालं?"

"सात."

म्हातारीनं तोंड वाकडं केलं. सात तिला फार कमी वाटले.

ताकामेनं जागा बदलायची म्हटलं. चुलीपाशी या, मी तिकडं जाते. म्हातारी म्हणाली, तीस वर्षं माझी जागा आहे. मेले की घे.

दुसऱ्या सकाळी लाकाई मळ्यात गेल्यावर ताकामे झोळी घेऊन गोठ्यात शिरली. म्हातारी आधीच सरकत तिथं आली होती. तट्टीची वरची बांधणी सोडवून तिनं चिमटा आत घातला होता, पण आता तिच्या हातात ओढायचा जोर उरला नव्हता. ताकामे बघत उभी राहिली. मग तिनं चिमटा तिच्या हातातून घेतला.

त्या दिवशी तिनं गोठ्याची सगळी भिंत रिकामी केली. चिमट्यानं गवत धरायचं, पिळायचं, ओढायचं. काजळी डोळ्यांत जायची. म्हातारी खाली बसून पेंढ्या दाबायची आणि झोळीत भरायची. अठरा वर्षं एका छपराखाली काढून त्या दोघींनी एकत्र असं काम पहिल्यांदाच केलं. मधून म्हातारी म्हणे, कोपऱ्यातलं राहिलं, आणि ताकामे कोपऱ्यातलं काढे. झोळी भरली की ती घराच्या मागून मळ्यात जाई. लाकाई बघायचा, गवत येतंय. ठीक. एकदा तो म्हणाला, पोरी चांगल्या आहेत, त्यांना काहीतरी द्यायला पाहिजे. ताकामे म्हणाली, देऊ.

चार दिवसांत चाळीस ढीग उभे राहिले. शेवटचे वेल वाळायला लागले होते, पण लागले. त्या रात्री वारा थांबला, आकाश साफ झालं, आणि सकाळी पुन्हा पांढरं पडलं.

आता घरात फरक कळायला लागला. चूल रात्रभर पेटती असूनही ऊब टिकेना. पुढची भिंत भरलेली होती, मागची आणि गोठ्याची रिकामी. तट्टीतून गार हवा हळूहळू झिरपायची, वाऱ्यासारखी नाही, पाण्यासारखी. ताकामेनं तांदळाच्या रिकाम्या गोणी कोंबून बघितल्या, पोरांचे मागे राहिलेले कपडे कोंबले, सुरूची पानं ओतली. पानं फळ्यांच्या फटीतून बाहेर सांडून गेली. तिसऱ्या दिवशी म्हातारी खोकायला लागली. खोकला कोरडा होता, मग ओला झाला.

ताकामेनं मग एक केलं. म्हातारी जागा सोडत नव्हती, तर ही तिच्या आणि भिंतीच्या मध्ये आडवी झाली. पाठ रिकाम्या तट्टीला, पोट म्हातारीच्या पाठीला. म्हातारीनं दोन-तीनदा कोपर मारलं, मग सोडून दिलं. सकाळी उठताना ताकामेच्या पाठीचा डावा भाग जाणवतच नसे. चिमटा काढला तरी कळत नसे. तासाभरानं तिथं मुंग्या येत आणि मग पाठ परत तिची होई. पुढंपुढं मुंग्याही येईनाशा झाल्या.

खोकला पुरुषांच्या घरापर्यंत ऐकू जाऊ लागला तेव्हा लाकाई एका सकाळी आत आला. वाकून, अवघडून, कारण ते घर त्याच्या बापानं बांधलं असलं तरी आत यायची त्याला सवय नव्हती. तो आईपाशी बसला, तिच्या कपाळाला हात लावला. मग तोल सावरायला म्हणून भिंतीला हात टेकला आणि तट्टी आत गेली.

त्यानं बोटाच्या मागच्या बाजूनं भिंतीवर टकटक केली. आवाज डब्यासारखा आला. थोडं पुढं सरकून टकटक केली. तसाच. तो सगळ्या मागच्या भिंतीनं टकटक करत गेला आणि गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन थांबला.

"गवत कुठं गेलं?" त्यानं विचारलं. पहिल्यांदा त्याला अगाथा आठवली. तिनंच नेलं असणार, तिच्या निळ्या घराला भरायला. तो तिच्या नावानं बोलू लागला. आईनं त्याला पुरतं बोलू दिलं आणि मग म्हणाली, अगाथाला एवढी अक्कल असती तर तिनं पत्र्याचं घर बांधलं असतं का. तेव्हा त्यानं ताकामेच्या हातांकडं बघितलं. नखांत अजून काजळी होती.

तो उठला. बाहेर गेला, फावडं उचललं आणि मळ्याकडं चालू लागला. ताकामे त्याच्या मागून धावली. त्यानं पहिल्या ढिगाशी उभं राहून फावडं उगारलं, तेव्हा ती त्याच्या आणि ढिगाच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"सरक," तो म्हणाला. "काढतो आणि परत भरतो."

"ओलं झालंय ते. ओलं भरलं तर भिंतच कुजंल."

"वाळवतो."

"कशावर? उन्हावर? वाळंस्तोवर तुमचं वेल मरतील."

"आई मरतीया तिकडं!"

तो बाईमाणसावर हात टाकणारा नव्हता, पण फावडं खाली येत नव्हतं. ताकामेच्या पायांखाली नवी माती भुसभुशीत होती. मागं दारात म्हातारी सरकत आली होती, हे तिनं बघितलं. म्हातारीला इथलं सगळं ऐकू जात होतं. हेही तिला माहीत होतं.

"न्हाई," ताकामे म्हणाली. "ढीग उघडायचं न्हाई. पोरं परत यायला पाहिजेत. मला पोरं पाहिजेत."

दुसरं काही तिनं म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती. लाकाईनं दाराकडं बघितलं.

म्हातारी खोकली. खोकला थांबेपर्यंत दोघंही तसेच उभे राहिले.

"अठरा वर्षांत पहिल्यांदा शहाण्यावानी बोलली बघ ती," म्हातारी म्हणाली. "फावडं ठेव. चहा कर कुणीतरी."

लाकाईनं फावडं ठेवलं. तो ढिगापाशी खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही. चहा ताकामेनं केला. साखर नव्हती.

वाम्बीन त्या गारठ्यात मेली नाही. पांढरं पडायचं थांबलं, ढग परत आले, पहिला पाऊस मातीत मुरला, वेलांनी पानं धरली. म्हातारीला दारात बसवलं की ती ढिगांकडं बघायची आणि वरच्या रांगेतल्या तीन ढिगांना नावं ठेवायची, ते नीट गोल नाहीत म्हणून. ती गेली त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, दुपारी, उन्हात बसल्या बसल्या. खोकला छातीत होताच. ताकामे तिला पाणी द्यायला बाहेर आली तेव्हा ती भिंतीला टेकलेली होती, बाहेरच्या फळ्यांना.

खाली गेलेली माणसं मातीला आली. बायकांनी अंगाला चिखल फासला, आक्रोश केला. अगाथाही आली, तिनं सगळ्यांपेक्षा मोठा आक्रोश केला. ताकामेनं चिखल फासला पण तिला रडू फुटेना. बायकांनी ते बघितलं आणि एकमेकींकडं बघितलं. सासू-सुनेचं कधी जमलंच नाही, असं एक जण म्हणाली. ताकामेनं ते ऐकलं आणि त्यावरही तिला काही वाटलं नाही. तिला वाटत होतं, आता काहीतरी वाटेल. तेवढीच ती वाट बघत होती.

त्यानंतर दोनदा पांढरं पडलं. मातीला आलेल्यांपैकी काही जण वरच राहिले होते, त्यांच्या मळ्यांत नुसत्या मातीत खोचलेले वेल पुन्हा जळाले. ताकामेचे चाळीस ढीग काठाकाठानं करपले, मधे हिरवे राहिले. लोक येऊन बघून जात. लाकाईला विचारत, गवत कुठनं आणलं. तो म्हणे, गवताचं बायकांना विचारा.

नवव्या महिन्यात तिनं पहिला ढीग उकरला. आत गवत उरलंच नव्हतं, काळी चिकट माती झाली होती. रताळी मनगटाएवढी होती. त्याच आठवड्यात मालिपू पोरांना घेऊन वर आला. रोदा उंच झाली होती, जपून बोलत होती. एनोक आईला ओळखायला क्षणभर थांबला.

तोवर डोंगरावर नवं गवत आलं होतं. लाकाईनं ते कापून, वाळवून मागची आणि गोठ्याची भिंत भरली होती. गवताच्या पेंढ्या ताकामे देत होती आणि तो काठीनं ठासत होता. एकदा त्यानं काठी तिच्या हातात दिली आणि स्वतः बाहेर जाऊन बसला. तिनं म्हातारीच्या जागेमागची भिंत स्वतः भरली.

संध्याकाळी राखेतून पहिलं रताळं निघालं. त्या घरात पहिलं रताळं म्हातारीचं असायचं. ती ते हातात तोलायची आणि म्हणायची, एवढंच? ताकामेनं ते बाजूला काढून मागच्या भिंतीशी, तिच्या जागेवर ठेवलं. रोदा तिथं जाऊन बसली, पाठ भिंतीला लावली, आणि रताळं उचलून सोलायला लागली. ताकामेनं तिला थांबवलं नाही. सोललेल्या रताळ्याचा पहिला घास रोदानं एनोकला दिला. त्यानं हात पुढं केला होता आणि या वेळी तो तिनं खाली ठेवला नाही.

"आजीची जागा गरम हाय," रोदा म्हणाली. "खालच्या मामाच्या घरापरीस."

"सरक जरा," ताकामे म्हणाली आणि तिच्या शेजारी बसली. तिनं पाठ भिंतीला टेकवली, नीट दाबून, डावी बाजूसुद्धा. खूप वेळ बसून राहिली. लेक म्हणत होती म्हणजे भिंत गरम असणार. ताकामेच्या पाठीला ते कळत नव्हतं.